मिलिबँडांवर टीका करा, पण खरी करा

डेव्हिड मिलिबँड यांच्याबद्दल एक ठरीव गोष्ट गेली दहा-बारा वर्षं फिरते आहे. लंडनच्या वर्तमानपत्रांत तिची सुरुवात झाली आणि समाजमाध्यमांवरून ती आपल्यापर्यंतही आली. गोष्ट थोडक्यात अशी: हा ब्रिटनचा माजी परराष्ट्रमंत्री. पंतप्रधान व्हायला निघाला होता. पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत धाकट्या भावानेच पाडलं, तेव्हा रुसून न्यूयॉर्कला निघून गेला. तिथे निर्वासितांच्या नावाने चालणाऱ्या एका संस्थेची खुर्ची मिळवली, गरिबांसाठी आलेल्या पैशातून गलेलठ्ठ पगार घेतो आणि जगाला नीती शिकवतो. भारतात पोहोचेपर्यंत या गोष्टीला आणखी एक शेपूट जोडलं जातं: 26/11नंतर मुंबईत येऊन ज्याने हल्ल्याचं खापर काश्मीर प्रश्नावर फोडलं तो हाच. आणि मग तात्पर्य: मदतकार्य म्हणजे पडलेल्या पुढाऱ्यांची सोय.

यातले काही तुकडे खरे आहेत, म्हणूनच ही गोष्ट खपते. पण तात्पर्य साफ चुकीचं आहे असं माझं मत आहे. आणि ते नुसतं एका माणसावर अन्याय करत नाही. आजच्या जगात लोक उपाशी का मरतात, याबद्दलही ते चुकीची समजूत करून देतं. म्हणून एकेक आरोप घेतो.

‘भावाने हरवलं म्हणून पळाले’

निकाल लागला 25 सप्टेंबर 2010 रोजी. त्यांच्या मजूर पक्षात (लेबर पार्टी) तेव्हा नेता निवडताना मतांचे तीन भाग धरले जात: खासदारांचा, पक्षाच्या सभासदांचा आणि कामगार संघटनांसारख्या संलग्न संस्थांचा. पहिल्या दोन भागांत डेव्हिड पुढे होते, तिसऱ्यात धाकटे भाऊ एड. चौथ्या फेरीअखेर एड यांना 50.65 टक्के आणि डेव्हिड यांना 49.35 टक्के मतं पडली. दीड टक्क्याहूनही कमी फरक.

डेव्हिड यांनी भावाच्या छाया मंत्रिमंडळात, म्हणजे विरोधी पक्षाच्या प्रमुख प्रवक्त्यांच्या गटात, जायला नकार दिला हे खरं. पण खासदारकी सोडली नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या साउथ शील्ड्सचे ते 2001पासूनचे खासदार. हरल्यानंतरही अडीच वर्षं ते मागच्या बाकावर बसून मतदारसंघाचं काम करत राहिले. अडचण अशी झाली की ते काहीही बोलले तरी त्यातून वर्तमानपत्रं भाऊबंदकी शोधून काढत. बोलले तर भावाला टोमणा, गप्प बसले तर अबोला. मार्च 2013मध्ये त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीची, म्हणजे आयआरसीची सूत्रं घेतली. मनात दुखावलेपण असेलही, माणूसच आहे. पण त्या परिस्थितीत बाजूला होण्याने पक्षाचं आणि भावाचं भलंच झालं, असं मला वाटतं. या मुद्द्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

‘निर्वासितांचा कळवळा नोकरीबरोबर आला’

हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो करणाऱ्याने त्यांच्या घराण्याची साधी माहितीही घेतलेली नसते.

वडील राल्फ मिलिबँड हे ब्रुसेल्समध्ये जन्मलेले ज्यू, मूळ घराणं पोलंडचं. मे 1940मध्ये हिटलरचं सैन्य बेल्जियममध्ये घुसलं तेव्हा राल्फ सोळा वर्षांचे होते. ते आणि त्यांचे वडील ओस्टेंड बंदर गाठून बोटीने इंग्लंडला निसटले. आई आणि धाकटी बहीण मागेच राहिल्या. पुढे राल्फ ब्रिटिश नौदलात भरती होऊन युद्धात लढले आणि नंतर मार्क्सवादी राज्यशास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेले. डेव्हिड यांची आई मॅरियन कोझाक या पोलंडच्या. नाझींच्या काळात लहानपण लपूनछपून काढलं, लोकांनी आसरा दिला म्हणून वाचल्या. त्यांचे वडील वाचले नाहीत. युद्धानंतर त्या इंग्लंडला आल्या.

बेल्जियममध्ये अडकलेल्या आजी आणि आत्या कशा वाचल्या, हे डेव्हिड यांनी स्वतः जाहीर भाषणात सांगितलं आहे. ब्रुसेल्सच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातल्या कॅथलिक शेतकऱ्याने त्यांना आसरा दिला. शेवटी त्या खेड्यात सतरा ज्यू लपून राहत होते. डेव्हिड किशोरवयात आत्याबरोबर त्या शेतकऱ्याला भेटायला गेले. एवढा धोका का पत्करलात, असं त्यांनी विचारलं. म्हातारबाबांनी खांदे उडवले आणि करावंच लागतं, एवढंच म्हणाले.

आता आयआरसीचा इतिहास पाहा. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर 1933मध्ये आल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पुढाकाराने ही संस्था अमेरिकेत उभी राहिली. 1940मध्ये, राल्फ ज्या उन्हाळ्यात बोटीने पळाले त्याच उन्हाळ्यात, न्यूयॉर्कमध्ये दुसरी एक बचाव समिती स्थापन झाली. तिने व्हेरियन फ्राय या तरुण पत्रकाराला फ्रान्समध्ये मार्सेलला पाठवलं. त्याने खोटी कागदपत्रं करून, डोंगरवाटांनी, मिळेल त्या जहाजाने दोन हजारांच्या वर माणसं बाहेर काढली. चित्रकार मार्क शागाल आणि तत्त्वज्ञ हॅना आरेंट त्यांतलेच. 1942मध्ये या दोन्ही संस्था एक झाल्या. तीच आजची आयआरसी. ज्या पोराच्या आईबापांचा जीव परक्यांनी वाचवला, तो पुढे त्याच काळात त्याच संकटातून जन्मलेल्या संस्थेत गेला. याला नोकरीबरोबर आलेला कळवळा म्हणणं हा अन्यायच आहे.

आयआरसीत जाण्याआधीची एक छोटी गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. ते संडरलंड फुटबॉल क्लबचे उपाध्यक्ष होते. मार्च 2013मध्ये क्लबने पाओलो दि कानिओ यांना प्रशिक्षक नेमलं. या इटालियन खेळाडूने पूर्वी स्वतःला फॅसिस्ट म्हणवून घेतलं होतं. नेमणूक जाहीर झाली आणि मिलिबँड लगेच पायउतार झाले.

‘इराक युद्धाला मत देणाऱ्याला हा अधिकार कुणी दिला?’

इथे आरोपात दम आहे आणि मी तो झटकणार नाही.

मार्च 2003मध्ये ब्रिटिश संसदेत इराकवर हल्ला करायचा की नाही यावर मतदान झालं. मिलिबँड कनिष्ठ मंत्री होते आणि त्यांनी बाजूने मत दिलं. त्या युद्धाने आणि पुढच्या यादवीने लाखो इराकी बेघर झाले. आयआरसी ज्यांच्यासाठी काम करते त्या माणसांमध्ये हेही आहेत. आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर युद्ध झालंच नसतं, असं ते नंतर म्हणाले. पण तेव्हाही मजूर पक्षाच्या सव्वाशेहून अधिक खासदारांनी विरोधात मत दिलंच होतं. त्यांना जे दिसलं ते मिलिबँडांना दिसायला हवं होतं.

त्याहून गंभीर प्रकरण परराष्ट्रमंत्रिपदाच्या काळातलं आहे. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्यांना अमेरिका गुपचूप विमानांनी या देशातून त्या देशात नेत होती. त्यात ब्रिटनच्या भूमीचा वापर झाला नाही, असं सरकार वर्षानुवर्षं सांगत आलं होतं. फेब्रुवारी 2008मध्ये मिलिबँडांना संसदेत उभं राहून कबूल करावं लागलं की 2002मध्ये अशी दोन विमानं हिंदी महासागरातल्या, ब्रिटनच्या ताब्यात असलेल्या दिएगो गार्सिया बेटावर उतरली होती. त्यांनी माफी मागितली. पुढे बिन्यम मोहम्मद या ब्रिटनमधल्या रहिवाशाच्या छळाबद्दल ब्रिटिश गुप्तचरांना काय माहीत होतं, हे न्यायालयाच्या निकालपत्रातून उघड होऊ नये म्हणून त्यांचं खातं शेवटपर्यंत लढलं. अमेरिका माहिती देणं बंद करेल, हा युक्तिवाद होता. फेब्रुवारी 2010मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि वगळलेले सात परिच्छेद प्रसिद्ध करायला लावले.

आज मिलिबँड सत्ताधाऱ्यांना कुणाची भीतीच उरली नाही, कायदा मोडून मोकळं सुटण्याचा हा काळ आहे, असं जगभर सांगत असतात. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्या काळाच्या वीटकामात आपल्याही खात्याचा हात लागला होता, हे त्यांनी प्रत्येक वेळी स्वतःहून सांगावं, अशी माझी अपेक्षा आहे. त्यांच्यावर टीका करायची असेल तर ती इथे करावी. फिरत्या गोष्टीत या दोन प्रकरणांचा उल्लेखही नसतो. तिला भावांचं भांडण आणि पगार एवढंच पुरतं.

मग अधिकार आहे की नाही? मला वाटतं, भूतकाळातला चुकीचा निर्णय माणसाला पुढचं चांगलं काम करायला मनाई करत नाही. जबाब द्यायला मात्र बांधतो. आणि त्याच कारकिर्दीत दुसऱ्या बाजूचीही नोंद आहे. एप्रिल 2009मध्ये श्रीलंकेच्या उत्तरेत हजारो तमिळ नागरिक श्रीलंकेचं लष्कर आणि बंडखोर तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्या कात्रीत किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यावर अडकले होते. तेव्हा मिलिबँड आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार कुश्नेर कोलंबोला गेले. तोफा थांबवा, मदत आत जाऊ द्या, असं त्यांनी राष्ट्राध्यक्ष राजपक्षे यांना सांगितलं. राजपक्षेंनी नकार दिला. ब्रिटनमधल्या तमिळ मतांवर डोळा ठेवून हा दौरा झाला, असंही पुढे म्हटलं गेलं. तसं असेलही. मतांसाठी का होईना, तिथे जाऊन तोंडावर सांगणारे परराष्ट्रमंत्री त्या आठवड्यात फार थोडे होते.

‘मुंबईत येऊन दहशतवादाचं समर्थन केलं’

हा मुद्दा आपल्या जवळचा, म्हणून सविस्तर.

15 जानेवारी 2009. हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. ताजच्या टॉवरचे दरवाजे डिसेंबरात पुन्हा उघडले होते, जुन्या घुमटाच्या इमारतीचं काम अजून चालूच होतं. त्याच ताजमध्ये मिलिबँडांनी भाषण केलं, आणि त्याच दिवशी लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये त्यांचा लेख आला. मुख्य मुद्दा असा होता: ‘दहशतवादाविरुद्धचं युद्ध’ ही कल्पनाच चुकीची होती. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या हेतूंच्या गटांना ती एकाच शत्रूचं रूप देते आणि त्यांचं काम सोपं करते. नुसत्या लष्कराने हा प्रश्न सुटत नाही. दहशतवादाला उत्तर देताना कायद्याचं राज्य गुंडाळून ठेवायचं नाही, उलट तेच पुढे करायचं. शेवटाकडे एक वाक्य असंही आलं की काश्मीरचा वाद सुटला तर या भागातल्या अतिरेक्यांच्या हातातलं भरतीचं एक मोठं कारण जाईल आणि पाकिस्तानला आपल्या पश्चिम सीमेकडे लक्ष देता येईल. शिवाय हा हल्ला पाकिस्तानच्या सरकारने घडवून आणला असं आपल्याला वाटत नाही, असंही ते या दौऱ्यात बोलले. त्याआधीच पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पाकिस्तानातल्या सरकारी यंत्रणांच्या पाठबळाशिवाय हे शक्य नाही असं म्हटलं होतं.

दिल्लीला राग आला आणि तो रास्त होता. परराष्ट्र खात्याने सभ्य पण कडक शब्दांत कळवलं की मिलिबँड यांना त्यांची मतं असू शकतात, पण आमच्या अंतर्गत बाबीत न मागितलेला सल्ला नको.

काश्मीरबद्दलचं ते वाक्य चुकीचं होतं असं मलाही वाटतं, आणि केवळ वेळ चुकली म्हणून नाही. युक्तिवादच लंगडा होता. लष्कर-ए-तैयबाची दहा माणसं मुंबईत कुठे कुठे गेली ते पाहा. सीएसटीवर गावाकडच्या गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. कामा हॉस्पिटलमध्ये शिरली. कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये जाऊन ज्यू धर्मगुरू आणि त्यांच्या पत्नीला मारलं. लष्करची लढाई फक्त काश्मीरसाठी असती तर कुलाब्याच्या एका गल्लीतलं छोटंसं ज्यू केंद्र शोधून काढायचं कारण काय होतं? ज्याच्या आईबापांना ज्यू म्हणून जीव मुठीत धरून पळावं लागलं, त्या माणसाच्या हे नजरेतून सुटावं याचं मला वाईट वाटतं. त्यातून ब्रिटनच्या मंत्र्याने काश्मीरवर बोलताना दहा वेळा विचार करावा. फाळणीची रेषा कुणी ओढली हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

पण हे सगळं मान्य केल्यावरही, ‘दहशतवादाचं समर्थन केलं’ हे खोटंच ठरतं. त्यांनी हल्ल्याचा निषेध केला, लष्कर-ए-तैयबाचं नाव घेतलं, तिची मुळं पाकिस्तानात आहेत असं म्हटलं आणि पाकिस्तानने तिच्यावर कारवाई करावी अशी मागणी केली. सल्ला चुकीचा असणं आणि समर्थन असणं यांत फरक आहे. तो फरक पुसला की 166 मृतांच्या बाजूने बोलण्याचा आपलाच अधिकार पातळ होतो.

या प्रकरणाचा पुढचा धागा फारसा कुणी जोडत नाही. तेरा वर्षांनी तोच प्रश्न उलट्या बाजूने आला. दहशतवादी संघटनांवर संयुक्त राष्ट्रांचे आर्थिक निर्बंध असतात. ते तेव्हा इतके सरसकट होते की अफगाणिस्तान, सोमालिया, येमेन अशा ठिकाणी धान्य नेणाऱ्या संस्थेलाही बँका पैसे पाठवू देत नव्हत्या. कारण रस्त्यावरच्या नाक्यावर कुणाला किती द्यावं लागेल, ते पैसे कुणाच्या खिशात जातील, याची धास्ती. मदत संस्थांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. 9 डिसेंबर 2022ला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 2664 मंजूर केला: मानवतावादी मदतीला निर्बंधांतून सूट. बाजूने 14 मतं. एकच देश तटस्थ राहिला, तो भारत, आणि त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही भारताकडेच होतं. भारताच्या प्रतिनिधी रुचिरा कंबोज यांनी कारण दिलं की आमच्या शेजारी दहशतवादी संघटना मदत संस्थेचा बुरखा घालून वावरतात. जमात-उद-दावा हा असाच बुरखा होता. लष्कर-ए-तैयबाचंच दुसरं नाव म्हणून संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2008मध्ये, म्हणजे मुंबई हल्ल्यानंतर पंधरवड्यात, तिच्यावर निर्बंध घातले होते.

भारताची शंका खरी आहे. काबूलमधल्या आईला बँक बंद असल्यामुळे पीठ मिळत नाही, हेही तितकंच खरं आहे. फेब्रुवारी 2022मध्ये मिलिबँडांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देऊन नेमकं हेच सांगितलं. युद्ध संपलं तरी गोठवलेला पैसा आणि निर्बंध यांमुळे अफगाण लोक उपासमारीच्या तोंडी जात आहेत, आणि हे संकट धोरणातून आलं आहे. तालिबानला तोलून धरायचं नाही आणि माणसांना मारायचं नाही, यातून वाट कशी काढायची याचा खल निदान त्यांनी सत्तेच्या दारात जाऊन मांडला.

‘संस्थेत नुसते मिरवतात, काम काही नाही’

दुष्काळात पीक करपतं ते पावसाअभावी. पण माणसं मरतात ती बहुतेक वेळा कुणीतरी रस्ता अडवला, परवाना दिला नाही, खातं गोठवलं, वेढा घातला म्हणून. म्हणून मदतकार्यात डॉक्टर आणि ट्रकचालक लागतात तसे फाइल कुठे अडते हे जाणणारेही लागतात. मिलिबँड 1994पासून टोनी ब्लेअर यांच्या धोरणाचं काम बघत होते, नंतर पंतप्रधान कार्यालयाच्या धोरण विभागाचे प्रमुख होते. पर्यावरणमंत्री असताना, मार्च 2007मध्ये, त्यांनी हवामान बदलाच्या विधेयकाचा मसुदा मांडला. कार्बन कमी करण्याचं बंधन सरकारने कायद्याने स्वतःवर घालून घेण्याची ती कल्पना होती. 2008मध्ये कायदा झाला तेव्हा हवामान बदलाचं नवं खातं, योगायोगाने, एड यांच्याकडे होतं. हे शिक्षण आयआरसीत वाया गेलं नाही.

उदाहरण कुपोषणाचं घेतो, कारण ते आपल्याला लगेच कळेल. अंगणवाडीताई ज्या रंगीत पट्टीने बाळाच्या दंडाचा घेर मोजतात तीच पट्टी जगभर वापरतात. आपल्याकडे ज्यांना सॅम आणि मॅम म्हणतात, ते अतितीव्र आणि मध्यम कुपोषित असे दोन गट. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत यांतल्या एका गटाची जबाबदारी युनिसेफकडे, दुसऱ्याची जागतिक अन्न कार्यक्रमाकडे. दोघांची पाकिटं वेगळी, गोदामं वेगळी, केंद्रं वेगळी. बाळ मॅममधून सॅममध्ये घसरलं की आईने दुसऱ्या केंद्रावर जायचं, आणि युद्धाच्या मुलखात ते केंद्र कित्येक कोस दूर. परिणाम असा की गंभीर कुपोषित मुलांपैकी फार थोड्यांपर्यंत उपचार पोहोचत होते. पाचांतल्या चारांना काहीच मिळत नाही, असं मिलिबँड जिथे जातील तिथे सांगत आले.

आयआरसीने इतर संशोधकांबरोबर सोपी पद्धत तपासून पाहिली. दोन्ही गटांना एकच शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट, एकच पट्टी, आणि डोस ठरवायला वजनकाट्याचं गणित नाही. केनिया आणि दक्षिण सुदानमधल्या चाचणीचे निष्कर्ष 2020मध्ये प्रसिद्ध झाले. मुलं जुन्या पद्धतीइतकीच बरी होत होती आणि खर्च कमी येत होता. गावातल्याच आरोग्य कार्यकर्तीने उपचार करावेत, हाही याच विचाराचा भाग. 2023मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांकडून उपचार करून घेण्याला जागा मिळाली. हे सगळं एकट्या मिलिबँडांनी केलं असं कुणी म्हणणार नाही. संशोधन शास्त्रज्ञांचं, घाम त्या कार्यकर्त्यांचा. पण दोन बलाढ्य संस्थांनी आपापली हद्द सोडावी म्हणून देणगीदार सरकारांच्या दारात वर्षानुवर्षं तगादा लावणं हे राजकारण्याचंच काम होतं, आणि त्यांनी ते केलं.

दुसरं उदाहरण सीरियन मुलांचं. डिसेंबर 2017मध्ये अमेरिकेतल्या मॅकआर्थर फाउंडेशनने ‘सेसमी वर्कशॉप’ (मुलांचा ‘सेसमी स्ट्रीट’ हा टीव्ही कार्यक्रम करणारी संस्था) आणि आयआरसी यांना मिळून 10 कोटी डॉलर दिले, निर्वासित मुलांच्या पहिल्या काही वर्षांतल्या शिक्षणासाठी. मदतीच्या पैशात शिक्षणाचा वाटा नेहमीच तुटपुंजा, त्यात बालवाडीच्या वयाच्या मुलांकडे तर कुणाचंच लक्ष नव्हतं. लेबनॉनमध्ये अकरा आठवड्यांचा एक उपक्रम झाला. शिक्षिका फोनवरून आईबापांशी बोलायच्या, मोबाइलवर अरबी कार्यक्रमाचे व्हिडिओ आणि छोटे खेळ पाठवायच्या. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2023मध्ये निष्कर्ष दिला की या अकरा आठवड्यांत मुलांनी केलेली प्रगती प्रत्यक्ष बालवाडीच्या वर्षभराच्या शिक्षणाशी तुलना करण्याजोगी होती.

मिलिबँडांच्या कारकिर्दीत संस्थेची वार्षिक उलाढाल 50 कोटी डॉलरांच्या आतून 100 कोटींच्या वर गेली. वाढ हीच कामगिरी असं मी मानत नाही. वाढीबरोबर परावलंबनही वाढलं, विशेषतः अमेरिकी सरकारवर. 20 जानेवारी 2025ला ट्रम्प यांनी परदेशी मदत थांबवली, निर्वासितांना अमेरिकेत वसवण्याचा कार्यक्रमही थांबवला, आणि या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या संस्थेप्रमाणे आयआरसीलाही दवाखाने आणि माणसं कमी करावी लागली. एवढं एका दात्याच्या भरवशावर का राहिलात, हा प्रश्न मिलिबँडांना विचारायलाच हवा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनच्या मजूर सरकारने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 0.3 टक्क्यांवर आणण्याचं जाहीर केलं. एड मिलिबँड त्या मंत्रिमंडळात होते. डेव्हिड यांनी हा ब्रिटनच्या लौकिकाला बसलेला तडाखा असल्याचं जाहीरपणे म्हटलं. 2010चं भांडण अजून चघळणाऱ्यांनी भावांमधला हा खरा मतभेद पाहावा.

आणि पुढाऱ्यांनी या क्षेत्रात येणं यात नवल काय? पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो गुटेरस दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त होते. गयानात जन्मलेल्या व्हॅलरी एमॉस ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्या 2010 ते 2015 संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याच्या प्रमुख होत्या आणि सीरियात वेढ्यात अडकलेल्यांसाठी त्यांनी सुरक्षा परिषदेला धारेवर धरलं. संयुक्त राष्ट्रांचं ते पद 2007पासून सतत ब्रिटिशांकडेच जात आलं आहे, ही तक्रार मात्र अगदी खरी आहे. त्याबद्दल बोलायला हवं.

‘गरिबांच्या पैशातून पगार’

आकडा खरा आहे. काही वर्षांपूर्वीच तो नऊ लाख डॉलरांपुढे गेला होता, नंतर दहा लाख ओलांडून गेला. हा आकडा कुणी चोरून बाहेर काढलेला नाही. अमेरिकेत अशा संस्थांना वरिष्ठांचे पगार करविवरणपत्रात दरवर्षी जाहीर करावेच लागतात, आणि ते कुणालाही वाचता येतात. संस्थेच्या उलाढालीत हा पगार हजारात एक भागाच्या आसपास बसतो. तो शून्य केला तरी सुदानची भूक हटणार नाही. मोठी अमेरिकी विद्यापीठं, रुग्णालयं यांच्या प्रमुखांच्या पगाराशी तुलना करून संचालक मंडळ तो ठरवतं, हा संस्थेच्या बाजूचा युक्तिवादही मला माहीत आहे.

तरीही मला तो पटत नाही. निर्वासितांसाठी पाच-दहा डॉलर पाठवणाऱ्या माणसाचा विश्वास हे या संस्थांचं भांडवल आहे, आणि असा पगार ते खातो. मिलिबँडांनी तो स्वतःहून कमी करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण ‘पगार जास्त आहे’ इथून ‘म्हणून काम ढोंग आहे’ इथे उडी मारता येत नाही. ती उडी ज्यांना मारायची आहे त्यांना बहुधा मदतच बंद व्हायला हवी असते, आणि गेल्या दोन वर्षांत ती बंद होताना आपण पाहिली आहे.

पैशाबद्दल खरा प्रश्न दुसरा आहे. 2016मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत देणगीदार देश आणि मोठ्या संस्थांनी कबूल केलं होतं की 2020पर्यंत मदतीचा चौथा हिस्सा, शक्य तितक्या थेट, स्थानिक संस्थांच्या हाती द्यायचा. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही कुणी गेलं नाही. 2024मध्ये जगभरात 383 मदत कर्मचारी मारले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य त्या त्या देशाचेच रहिवासी होते. सुदानमध्ये युद्ध पेटल्यावर वस्त्यावस्त्यांत तरुणांनी स्वतःच्या खर्चाने सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. तिथे पोहोचायला आंतरराष्ट्रीय संस्थांना परवाने मिळत नव्हते, आणि त्या पोरांना थेट पैसे द्यायला देणगीदारांचे हिशेबाचे नियम आड येत होते. हे नियम बदलून घेण्याची ताकद आणि ओळखी मिलिबँडांसारख्या माणसाकडे नक्कीच आहेत. त्यांच्या संस्थेच्या शंभर कोटींतले किती डॉलर खार्तुम आणि दारफुरमधल्या अशा गटांच्या हातात थेट गेले, हे त्यांना विचारा.